अनुवादाची कंत्राटी कामं येतात कुठून? तासगावच्या एका ताईंना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "मी बी.एस्सी. अ‍ॅग्री आहे, नंतर बाहेरून एम.ए. मराठी केलं. एका कृषी निविष्ठा कंपनीत तीन वर्षं शेतकऱ्यांच्या शंकांना फोनवर उत्तरं द्यायचे. मुलगी झाल्यावर नोकरी सोडली, आता तासगावला सासरी असते. चार महिन्यांपासून इंग्रजी-मराठी अनुवादाचं काम शोधतेय. तीन साइटवर प्रोफाइल केलं, साठेक जाहिरातींना अर्ज केले, वीस-पंचवीस एजन्सींना सीव्ही पाठवला. एकच चाचणी आली आणि पुढे काही कळलं नाही. दर अगदी कमी ठेवलाय. दिवसाला चारच तास मिळतात, ते सांगावं की नको? माझं काय चुकतंय?"

ताई, तुम्ही जोडलेला सीव्ही दोनदा वाचला. पहिल्या ओळीत आहे: 'इंग्रजी-मराठी, हिंदी-मराठी, मराठी-इंग्रजी, सर्व विषय, अचूक काम, वाजवी दर.' शेतीची पदवी दुसऱ्या पानावर, शिक्षणाच्या तक्त्यात, एका ओळीत. कंपनीतली तीन वर्षं त्याहून खाली, 'ग्राहक सेवा' म्हणून. सासरच्या द्राक्षबागेचा तर उल्लेखच नाही. तो मला तुमच्या पत्रातल्या एका वाक्यात सापडला, 'ऑक्टोबर छाटणीच्या गडबडीत लिहायला उशीर झाला' असं तुम्ही सहज लिहून गेलात म्हणून.

माझ्या मते चूक इथेच आहे. तुम्ही अर्ज कमी केलेले नाहीत. पण ज्या गोष्टीसाठी कुणी तुम्हाला शोधत येईल, ती गोष्टच तुम्ही झाकून ठेवली आहे.

हे एवढ्या खात्रीने सांगते, कारण मी तेच करून बसले होते. मी बी.फार्म. औषध कंपनीत चार वर्षं कागदपत्रांचं काम केलं आणि २००८ साली नोकरी सोडून अनुवादाला लागले. पहिले सहा महिने माझ्याही सीव्हीवर 'सर्व विषय' होतं. त्या काळात मिळालं काय, तर एका शाळेची नियमावली आणि एक भाडेकरार. मग एका ओळखीच्या बाईंनी सुचवलं, 'फार्मसी वर घे, बाकीचं सगळं काढून टाक.' तेवढंच केलं. तीन आठवड्यांत औषध चाचण्यांची संमतिपत्रं करणाऱ्या एका एजन्सीचा फोन आला. त्या एजन्सीशी अजूनही काम चालू आहे.

एजन्सीत तुमचा सीव्ही कोण वाचतं, हे आधी समजून घ्या. तिथे दोन वेगळी माणसं असतात. व्हेंडर मॅनेजर अनुवादक शोधून यादीत घालतो, आणि प्रोजेक्ट मॅनेजर त्या यादीतून रोजची कामं वाटतो. व्हेंडर मॅनेजरकडे 'इंग्रजी-मराठी, सर्व विषय' असे शेकडो सीव्ही पडलेले असतात, त्याला आणखी एक नको असतो. पण त्याच्या एखाद्या ग्राहकाने ठिबक सिंचनाची पुस्तिका सात भारतीय भाषांत मागितली आणि मराठीसाठी शेतीतलं माणूस यादीत नसलं, तर तो त्याच दिवशी शोधाशोध करतो. त्याच्या शोधाच्या चौकटीत 'मराठी' आणि 'शेती' हे दोन शब्द पडतात. तुमच्या पहिल्या ओळीत दुसरा शब्द नाही, म्हणून तुम्ही त्याला दिसतच नाही.

आता जाहिरातींच्या साइटबद्दल. साठ अर्ज केलेत, म्हणजे कष्टात कसूर नाही, पण तिथे अर्ज करत बसणं हा त्या साइटचा सर्वांत कमी कामाचा उपयोग आहे. अपवर्कसारख्या कंत्राटी कामांच्या साइटवर प्रत्येक अर्जाला 'कनेक्ट', म्हणजे तिथली अर्जाची टोकनं, खर्च होतात आणि मराठीच्या एका कामावर कमी दर सांगणाऱ्यांची रांग लागते. नव्या माणसाने त्या रांगेत उभं राहून फार काही हाती लागत नाही. प्रोझ डॉट कॉम मात्र वेगळी आहे. १९९९ पासूनची, खास अनुवादकांची साइट. तिथे अर्ज कमी करा आणि तीन गोष्टी मनापासून करा.

पहिली गोष्ट 'कुडोझ'. अनुवादक तिथे अडलेल्या संज्ञा विचारतात, इतर उत्तरं सुचवतात आणि ज्याचं उत्तर निवडलं जातं त्याला गुण मिळतात. त्या गुणांवर अनुवादकांच्या सूचीतला तुमचा क्रम ठरतो. जर्मन किंवा स्पॅनिशमध्ये हजारो गुणांची माणसं बसलेली आहेत. इंग्रजी-मराठीत विचारणारे आणि उत्तर देणारे दोघेही थोडे, त्यामुळे थोड्याच नेमक्या उत्तरांवर माणूस वर सरकतो. दुसरी गोष्ट 'ब्लू बोर्ड'. एजन्सीबरोबर पुन्हा काम कराल का, याला अनुवादक एक ते पाचमध्ये गुण देतात. कुठल्याही नव्या एजन्सीचं काम घेण्यापूर्वी हे पाहायचंच. आणि तिसरी, तुमची प्रोफाइल: विषयांच्या यादीत पंचवीस खुणा न करता शेती, वनस्पतिशास्त्र, पर्यावरण आणि अन्नप्रक्रिया एवढ्याच ठेवा.

साइटवर पूर्ण सीव्ही मात्र ठेवू नका. अनुवादकांचे सीव्ही उचलायचे, नाव तेच ठेवायचं, ईमेल स्वतःचा टाकायचा आणि त्या नावावर कामं मिळवून यंत्रानुवादाचा (संगणकाने आपोआप केलेला) मजकूर पाठवून द्यायचा, असा एक धंदाच चालतो. नाव खराब होतं ते खऱ्या माणसाचं, आणि त्याला पत्ताही नसतो. प्रोफाइलवर सारांश द्या, सीव्ही मागणाऱ्याला पीडीएफमध्ये पाठवा. इतर फसवणुकीही ओळखीच्या आहेत: नोंदणी शुल्क किंवा अनामत मागणारा, ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून 'वरचे पैसे परत करा' म्हणणारा, आणि 'इतके टक्के अचूकता नसेल तर दंड' अशा करारावर सही घेऊन मग वकिलाच्या नोटिशीची भीती घालणारा. काम देणारा पैसे मागायला लागला की तिथून उठायचं.

माझा भर यापुढच्या भागावर आहे.

तुमचे खरे ग्राहक अनुवादकांच्या साइटवर नाहीत, ते शेतीच्या बाजारात आहेत. कीटकनाशकाच्या डब्याबरोबर इंग्रजी-हिंदीखेरीज प्रादेशिक भाषेतही माहितीपत्रक द्यावं लागतं, ही १९७१ च्या कीटकनाशक नियमांतली अट आहे. म्हणजे महाराष्ट्रात माल विकणाऱ्या प्रत्येक कंपनीला हे मराठी कुणाकडून तरी करून घ्यावंच लागतं. त्यात ठिबकची पुस्तिका, पंपाची हमीपत्रं, बियाण्याच्या पाकिटावरचा मजकूर, शेतकऱ्यांच्या मोबाइल अ‍ॅपवरचे संदेश आणि प्रशिक्षणाचे व्हिडिओ धरा. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर पडलेली चार माहितीपत्रकं उचलून आणा आणि वाचा. त्यांतलं मराठी किती वाईट असतं हे मला सांगायची गरज नाही, कारण नोकरीत असताना त्याच पत्रकांमुळे गोंधळलेले शेतकरी तुम्हाला फोन करत होते.

एक उदाहरण जवळून पाहू. द्राक्षावरच्या बुरशीनाशकाच्या मजकुरात इंग्रजीत 'डाउनी मिल्ड्यू' असतं. पुस्तकात त्याला 'केवडा' म्हणतात. तुमच्या गावात 'डावणी' म्हणतात, आणि पानाच्या खाली पांढरी बुरशी दिसली की 'डावणी आली' हेच तोंडात येतं. नुसतं 'केवडा' लिहिलं तर मजकूर बरोबर असूनही बागेत पोचत नाही. नुसतं 'डावणी' लिहिलं तर कंपनीचा तपासनीस कोश दाखवून चूक काढतो. म्हणून पहिल्यांदा 'केवडा (डावणी)' असं लिहायचं आणि पुढे एकच शब्द धरून चालायचं. त्याच मजकुरात 'केन' असेल तर ती काडी. तिथे यंत्राने 'ऊस' लिहिलेला मी स्वतः पाहिला आहे, आणि तो मजकूर छापखान्यापर्यंत गेला होता. 'फवारणी आणि काढणी यांतला कालावधी' हा सगळ्यांत जोखमीचा आकडा. तो वाक्यात दडवायचा नाही, 'शेवटच्या फवारणीनंतर इतके दिवस घड तोडू नयेत' इतका सरळ लिहायचा. हे शंभरातल्या नव्वद अनुवादकांना जमणार नाही. त्यांचं मराठी कच्चं नसतं, पण ते कधी बागेत उभे राहिलेले नसतात.

आता करायचं काय? त्या चार पत्रकांपैकी दोनांतले दोन परिच्छेद निवडा आणि स्वतःचा मजकूर तयार करा. डाव्या बाजूला इंग्रजी, उजवीकडे तुमचं मराठी, खाली दोन ओळी, अमुक शब्द का निवडला याच्या. कंपनीचं नाव आणि उत्पादनाचं नाव काढून टाका. एका पानात बसवा. हा तुमचा नमुना. सीव्हीपेक्षा हा जास्त वाचला जातो.

तो घेऊन माणसांकडे जा. डिसेंबरात पुण्याजवळ मोशीला 'किसान' प्रदर्शन भरतं. मुलीला घरी ठेवून एक दिवस जमवा. स्टॉलवर विक्रीची मुलं असतात, त्यांना अनुवादाबद्दल विचारून उपयोग नाही. 'तुमची मराठी पत्रकं कोण करतं, मार्केटिंग की रेग्युलेटरी?' एवढंच विचारा आणि त्या विभागातल्या माणसाचं कार्ड मागा. मराठी पत्रक मात्र प्रत्येक स्टॉलवरून घ्या. घरी येऊन वाचा, आणि ज्यात खरोखर गैरसमज होईल अशी चूक असेल त्याच कंपनीला लिहा. चूक दाखवताना त्यांच्या माणसाला कमी लेखू नका. 'पान दोनवरच्या या वाक्यातून मात्रा प्रति लिटर आहे की प्रति पंप, हे शेतकऱ्याला कळणार नाही. असं लिहिता येईल' इतकंच. द्राक्ष बागाईतदार संघाचं वार्षिक अधिवेशन, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातले कार्यक्रम, जिल्ह्यातली कृषी विज्ञान केंद्रं, या सगळ्या तुमच्या ओळखी वाढवायच्या जागा आहेत. तुमच्या जुन्या कंपनीतले सहकारी आज कुठल्या कुठल्या कंपन्यांत गेले आहेत, त्यांची यादी करा. मला वाटतं तुमचं पहिलं काम त्या यादीतूनच येईल. त्यांना नुसतं 'काम असेल तर सांगा' असं कळवू नका, त्यातून कुणालाच काही आठवत नाही. 'पीक संरक्षणाचा मजकूर इंग्रजीतून मराठीत करते, नमुना सोबत आहे, तुमच्याकडे हे काम कोण बघतं?' असा निरोप पाठवा.

दुसऱ्या प्रकारच्या ओळखी अनुवादकांच्या. यात एक गोष्ट उशिरा कळते: मराठीच्या अनुवादकापेक्षा गुजराती, कन्नड आणि तेलुगूचे अनुवादक तुम्हाला जास्त काम देतात. ग्राहकाला भाषा एकदम लागतात. कन्नडवाल्या ताईला प्रोजेक्ट मॅनेजर हमखास विचारतो, 'मराठीसाठी कुणी आहे का?' त्या क्षणी तिच्या डोक्यात तुमचं नाव असलं पाहिजे. माझ्याकडे आज येणाऱ्या कामातलं बरंच काम धारवाडच्या एका बाईंच्या आणि बडोद्याच्या एका गृहस्थांच्या शब्दावर सुरू झालेलं आहे, आणि मीही त्यांची नावं तितक्याच खात्रीने देते. इंडियन ट्रान्सलेटर्स असोसिएशनसारख्या संघटनेतून किंवा प्रोझवरूनच अशी माणसं भेटतात. मराठीतल्या अनुवादकांशी स्पर्धा मानू नका. त्यांना दिवाळीच्या आधी काम झेपत नाही तेव्हा ते कुणाला तरी देतातच.

पुण्यातल्या डीटीपी करणाऱ्यांशी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं लावणाऱ्यांशी, ओळख ठेवा, हेही सांगते. मजकूर तुमच्याकडून जातो आणि छापील पानात जाऊन मोडतो. पानं लावायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिपी नीट जुळवणारी सोय) चालू नसेल तर जोडाक्षरं सुटी होतात, वेलांट्या जागा सोडतात. आणि 'दुसऱ्या', 'करणाऱ्या' यांतला तो डोळ्याच्या पापणीसारखा र जाऊन 'दुसर्‌या' नाहीतर रफार आलेला 'दुसर्या' उरतो. परभाषक ऑपरेटरला हे दिसतच नाही. एजन्सीला मजकूर पाठवताना एक ओळ टाका: 'पान लावून झालं की पीडीएफ पाठवा, दहा मिनिटांत जोडाक्षरं पाहून देते.' याचे पैसे सुरुवातीला नाही मिळाले तरी चालतील. छापून झाल्यावर चूक निघाली की प्रोजेक्ट मॅनेजरची मान अडकते, आणि ती सोडवणाऱ्याला तो विसरत नाही.

आता एजन्सींना पत्र. वीस-पंचवीस जणांना एकच पत्र पाठवलंत, त्याऐवजी दहा एजन्सी निवडा, ज्यांच्या साइटवर शेती, रसायन, ग्रामीण वित्त किंवा यंत्रसामग्री यांचा उल्लेख आहे. लिंक्डइनवर त्या एजन्सीचा व्हेंडर मॅनेजर शोधून त्याच्या नावाने लिहा. विषयाच्या ओळीत 'इंग्रजी-मराठी, कृषी पदवीधर, पीक संरक्षण आणि सिंचन'. मजकूर पाच ओळींचा: शिक्षण, शेतकऱ्यांशी रोज बोलण्याचा तीन वर्षांचा अनुभव, कोणतं कॅट टूल (आधीचे अनुवाद साठवून पुन्हा सुचवणारं सॉफ्टवेअर) वापरता, दिवसाला किती शब्द देऊ शकता, दर. नमुन्याचं पान जोडा. 'मी अत्यंत मेहनती आहे' वगैरे काही नको.

युरोपातल्या ज्या एजन्सी आयएसओ १७१०० हे अनुवाद सेवेचं आंतरराष्ट्रीय मानक पाळतात, त्या अनुवादकाकडून तीनपैकी एक पुरावा मागतात: अनुवादाची पदवी, किंवा दुसऱ्या कुठल्याही विषयाची पदवी आणि दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुवादाचा अनुभव, किंवा पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव. तुम्ही दुसऱ्या मार्गाने जाल. म्हणून पहिल्या कामापासून वही घाला: तारीख, ग्राहक, विषय, शब्दसंख्या. पूर्णवेळाच्या दोन वर्षांइतकं काम भरलं की तोच पुरावा होतो. सुरुवातीला दाखवायला काही नसेल तर ट्रान्सलेटर्स विदाउट बॉर्डर्ससाठी थोडं काम करा. ही संस्था १९९३ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाली. आरोग्य आणि आपत्ती यांचा मजकूर असतो, काम स्वयंसेवी असतं, पण तिथे केलेलं काम सीव्हीवर अभिमानाने लिहिता येतं. नफा कमावणाऱ्या कुणासाठी मात्र फुकट करू नका.

चाचणीबद्दल: अडीचशे-तीनशे शब्दांची विनामूल्य चाचणी योग्य. हजार शब्दांची 'चाचणी' मागणारा बहुधा खरं कामच तुकडे करून वाटून घेत असतो. तुमची ती एक चाचणी मी पाहिली. भाषा चांगली आहे, पण 'स्टडी'ला तुम्ही सगळीकडे 'अभ्यास' लिहिलंत. औषधांच्या संमतिपत्रात मीही सुरुवातीला तेच लिहायचे, आणि ससूनच्या बाहेर बसलेल्या एका आजोबांनी मला विचारलं होतं, 'या वयात अभ्यास कसला करायचा, बाई?' तेव्हापासून मी 'संशोधन' लिहिते. औषध चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे संमतिपत्र त्या माणसाला कळेल अशा भाषेत असायला हवं, आणि आपल्या कामाचा तोच हेतू आहे. चाचणी पाठवताना अशा निवडलेल्या शब्दांची दोन-तीन ओळींची टीप सोबत द्या. तपासणारा समोर कोश घेऊन बसलेला असतो. तुम्ही चुकून नव्हे, समजून वेगळा शब्द घेतलात, हे त्याला तिथेच कळतं. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी ठेवा, आणि संगणकाच्या मजकुरासाठी मायक्रोसॉफ्टची मराठी शैलीपुस्तिका विनामूल्य मिळते, ती वाचाच.

दर कमी ठेवून तुम्हाला काम मिळालं नाही, यात नवल नाही. फार कमी दर पाहिला की व्हेंडर मॅनेजर समजतो, हे यंत्रातून काढून देणार. दर ठरवताना उलटा हिशोब करा. चार तासांत नव्या मजकुराचे हजार-बाराशे शब्द नीट होतात. शब्दाला दीड रुपया धरला तर बाराशे शब्दांचे अठराशे रुपये. त्यातून महिन्याचे किती दिवस काम असेल, तपासणी आणि पत्रव्यवहारात किती वेळ जाईल, ते वजा करा आणि मग तुमचा किमान दर ठरवा. त्याखाली उतरू नका.

शब्द कोणते मोजणार, ते आधीच लेखी ठरवा. इंग्रजीतले तीन शब्द 'ऑन द लीफ' मराठीत 'पानावर' या एका शब्दात बसतात. माझ्या फायलींत हजार इंग्रजी शब्दांचे मराठीत साधारण आठशे ते साडेआठशे होतात. दहा हजार शब्दांच्या पुस्तिकेला दीड रुपयाने मूळ शब्दांवर पंधरा हजार मिळतात. मराठी शब्द ८३०० भरले आणि त्यांवर बिल केलं तर १२४५० मिळतात. तेच काम, तीच बोटं. 'दर मूळ इंग्रजी शब्दसंख्येवर' ही ओळ प्रत्येक पत्रात असू द्या.

कॅट टूलमध्ये आणखी एक वजावट येते. समजा फाइल पाच हजार शब्दांची आहे. त्यातले दोन हजार नवे, एक हजार आधीच्या कामाशी मिळतेजुळते, दोन हजार जसेच्या तसे पुन्हा आलेले. एजन्सी नव्यांना पूर्ण दर, मिळत्याजुळत्यांना साठ टक्के आणि पुनरावृत्तीला पंचवीस टक्के देत असेल, तर बिल होतं ३१०० शब्दांचं. ही पद्धत रास्त आहे, फक्त टक्केवारी आधी मागून घ्या. ओमेगाटी हे कॅट टूल विनामूल्य आहे, त्यावर शिका. स्मार्टकॅट, मेमोक्यू, ट्राडोस यांतलं जे एजन्सी देईल ते नंतर सहज जमतं.

यंत्रानुवाद सुधारण्याची कामं आता फार येतात. मी ती घेते, पण मजकुराचं एक पान आधी पाहिल्याशिवाय नाही. शेतीच्या मजकुरात यंत्र सफाईदार मराठी लिहितं आणि मात्रेत चुकतं. ते शोधायला पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं. नमुना वाईट असेल तर सरळ लिहिते, 'हे नव्याने करणं स्वस्त पडेल, दर पूर्ण लागेल.' बहुतेकदा ऐकतात.

पैशांबद्दल एक अनुभव सांगते. पाचव्या-सहाव्या वर्षी एका एजन्सीने आधी छोटी कामं देऊन वेळेवर पैसे दिले आणि मग दोन महिन्यांत मोठी कामं दिली. अडतीस हजार थकले आणि माणसांनी फोन उचलणं बंद केलं. ते पैसे कधीच आले नाहीत. त्यानंतर मी नव्या ग्राहकाची एक मर्यादा ठरवली: पहिलं बिल जमा होईपर्यंत थकबाकी पाच हजारांच्या वर जाऊ द्यायची नाही. तुम्हीही अशी रक्कम आजच ठरवा. कामाची ऑर्डर ईमेलवर आल्याशिवाय फाइल उघडू नका, फोनवरचा शब्द पुरत नाही. सरकारच्या उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करा. ती विनामूल्य असते, पैसे मागणाऱ्या बनावट साइट टाळा. नोंदणी असली की देशातल्या ग्राहकाला सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. त्यापुढे चक्रवाढ व्याज लागतं आणि सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. बिलावर उद्यम क्रमांक छापला की स्मरणपत्रं कमी लिहावी लागतात. परदेशी ग्राहकाला हा कायदा लागत नाही, तिथे ब्लू बोर्ड हाच आधार. देशी एजन्सी टीडीएस कापते, तो तुमच्या पॅनखाली जमा दिसतो का हे दर तिमाहीला पाहा. सेवांसाठी वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची घाई नाही. बाकी सीएला एकदा भेटून घ्या.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, चार तासांचा. सांगा, आणि पहिल्याच पत्रात सांगा. प्रोजेक्ट मॅनेजरला जास्त वेळ असणारं माणूस हवं असतं असं आपल्याला वाटतं. खरं तर त्याला नेमका अंदाज हवा असतो. संध्याकाळी सहाला 'जमवते' म्हणून सकाळी नऊला 'मुलगी आजारी होती' असं कळवणारं माणूस यादीतून जातं, दिवसाला हजारच शब्द देणारं पण त्याच वेळी देणारं माणूस राहतं. तुमचे चार तास कुठले आहेत तेही बघा. जर्मनीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजतो. मुलगी दुपारी झोपते म्हणालात, तर एक ते तीन या वेळात त्यांचं पहिलं पत्र येतं आणि तेव्हा तुम्ही पंधरा मिनिटांत उत्तर देऊ शकता. तातडीचं काम ते पाच-सहा जणांना एकदम पाठवतात, पहिलं 'हो' येईल त्याला मिळतं. उरलेले दोन तास रात्री. पत्रात असं लिहा: 'रोज १००० शब्द. दुपारी एक ते तीन लगेच उत्तर मिळेल, फाइल सकाळी सातपर्यंत पोचेल. रविवारी आणि छाटणीच्या दोन आठवड्यांत काम घेत नाही, तारखा आधी कळवते.'

नमुन्याचं पान तयार झालं की मला पाठवा. डावणीचा परिच्छेद घ्या, तो मला बघायचा आहे.